हिरव्या ठिपक्यांची खुशाली

फळ्यावर आपलं अ‍ॅप टाकायचं, तर आधी दुसऱ्या दोघांची अ‍ॅप वापरून त्यांना खरं काय ते सांगायचं, असा तिथला शिरस्ता होता. एकखांबीने तो इमानेइतबारे पाळला. झाडांना पाणी घालायची आठवण करणारं एक अ‍ॅप त्याला आवडलं, आणि घोरणं मोजणारं दुसरं त्याच्या बायकोला जरा जास्तच आवडलं. तसं त्याने दोघांना कळवलं आणि मग धडधडत्या छातीने स्वतःचं काम फळ्यावर टाकलं.

फळा म्हणजे एकेकट्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा ऑनलाइन अड्डा. तिथे खरं नाव कुणी लावत नसे. ह्याचा सगळा कारभार एकट्याच्या जिवावर, म्हणून ह्याने एकखांबी हे नाव घेतलं होतं. चांगली नोकरी सोडून तो ह्या फंदात पडला होता, आणि आधीच्या दोन्ही अ‍ॅपना फळ्यावर काळं कुत्रंही विचारायला आलं नव्हतं. हेही आपटलं तर मुकाट्याने पुन्हा नोकरी धरायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

अ‍ॅपचं नाव खुशाली. लांब एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी उठलं की फोनवरचं एक मोठं बटण दाबायचं. दाबलं की मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका. दुपारपर्यंत नाही दाबलं तर तांबडा ठिपका आणि कर्कश घंटा. बाकी काही भानगड नाही.

पहिली शंका अपेक्षेप्रमाणे खडूसने काढली. हा फळ्यावरचा जुना जाणता. तो प्रत्येकाचा कोड उघडून वाचायचा आणि कुणाची भीडभाड ठेवायचा नाही. त्याचं म्हणणं, म्हातारी माणसं चार दिवस हौसेने बटण दाबतील, मग कंटाळतील. घंटा उगाच वाजत राहील आणि मुलं वैतागून अ‍ॅप काढून टाकतील.

एकखांबी ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने अ‍ॅपमधलं रोजचे ठिपके दाखवणारं आईचं पान फळ्यावर टाकलं. वरपासून खालपर्यंत नुसते हिरवे ठिपके. खाली लिहिलं, "ही माझी आई. खुशालीतलं पहिलं खातं तिचंच आहे. ती एकदाही चुकलेली नाही."

त्यावर फळा एकदम खूश झाला. कुणी आपल्या वडिलांसाठी अ‍ॅप घेतलं, कुणी आत्यासाठी. एकाने तर लिहिलं, तुमच्या आईला आमचा नमस्कार सांगा. एकखांबीने मान ताठ करून तो बायकोला वाचून दाखवला.

"मग सांग की," बायको म्हणाली. "किती दिवसांत फोन केला नाहीस त्यांना."

"सकाळीच ठिपका आलाय."

"ठिपका बोलतो का तुझ्याशी?"

करतो, करतो, म्हणत त्याने वेळ मारून नेली. खरं म्हणजे आईला त्याच्या कामाचं कौतुक होतं. तिच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून द्यायला तो स्वतः गेला होता. तिने चष्मा लावून सगळं नीट समजून घेतलं, आणि नाही दाबलं तर काय होईल, असंही विचारलं. तर हातातलं काम टाकून मी पहिल्या गाडीने येईन, असं त्याने सांगितलं होतं. त्यानंतर कामाच्या रगाड्यात त्याचं जाणं झालं नाही. आधी रोज संध्याकाळी आईचाच फोन यायचा, जेवलास का म्हणून. हल्ली तोही येत नव्हता. म्हातारी रुळली, असं त्याला वाटलं, आणि हाही खुशालीचाच एक फायदा म्हणून त्याने फळ्यावर सांगून टाकला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन बसला, तेव्हा खडूसचा निरोप आलेला होता. कोड स्वच्छ आहे, असं त्याने लिहिलं होतं. खडूसकडून एवढं म्हणजे मोठंच प्रशस्तिपत्र. खाली आणखी एक वाक्य होतं. "फक्त चाचणीसाठी लिहिलेल्या ओळी काढायच्या राहिल्यात, पहिल्या खात्याचं बटण रोज सकाळी तुमचा सर्व्हरच दाबतोय."

एकखांबीने ते पुन्हा वाचलं. मग त्याला सगळं आठवलं. अ‍ॅप अर्धवट होतं तेव्हा ठिपके उमटतात की नाही ते बघायला रोज बटण कोण दाबत बसणार, म्हणून त्यानेच त्या ओळी लिहिल्या होत्या. नंतर पहिला मान आईचा म्हणून ते खातं मोठ्या हौसेने तिच्या नावावर केलं. ओळी काढायच्या तेवढ्या राहून गेल्या.

सर्व्हरने दाबलेलं सगळं वगळून त्याने आईचं पान पुन्हा उघडलं. सुरुवातीचे मोजके ठिपके हिरवे होते. पुढचं सगळं पान तांबडं होतं.

त्याने आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. त्याचा चेहरा बघून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याने पुन्हा लावला. आपण तिला इतके दिवस विसरलो, एवढं एकच त्याच्या मनात येत होतं.

बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"आई, बरी आहेस ना तू?"

"मला काय धाड भरलीय?" आईचा आवाज अगदी नेहमीचा होता. "बाहेर कपडे वाळत घालत होते."

एकखांबीच्या भीतीची जागा रागाने घेतली.

"अगं मग बटण का दाबत नाहीस? विसरलीस का?"

"विसरेन कशी? पहिल्यांदा दाबत होते की. मग मुद्दामच बंद केलं," आई म्हणाली. "नाही दाबलं तर येईन म्हणाला होतास ना?"