तिसरा कप

"तुम्हाला वेगळी राज्यं हवीत कशाला? त्यापायीच देश पेटला!" तेस्फायेने टेबलावर हात आपटला.

"राज्यं नसती तर आम्ही उरलोच नसतो," गेब्रे म्हणाला.

दोघंही इथिओपियाचे, आता अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात एकमेकांचे शेजारी. आज गेब्रेच्या घरी कॉफीला बसले होते. गेब्रे तिग्राई समाजाचा, तेस्फाये अम्हारा समाजाचा. तिकडच्या युद्धात एकाचा भाऊ गेला, दुसऱ्याचा पुतण्या. पंचाला कळावं म्हणून बिचारे इंग्रजीतून भांडत होते. पंच म्हणजे मोरेश्वर, कोल्हापुरात पस्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून आता शेजारीच मुलाकडे राहायला आलेले. संघराज्य म्हटलं की त्यांना भारी चेव यायचा. केंद्राचे अधिकार, राज्यांचे अधिकार, भाषावार प्रांतरचना, सगळं त्यांनी पहिल्या कॉफीतच सांगून टाकलं. "एवढ्या भाषा, तरी आम्ही एकत्र नांदतो," हेही ऐटीत सांगून झालं.

एक मात्र सांगितलं नव्हतं. सुनेचे वडील शनिवारी धारवाडहून येणार होते, म्हणून मोरेश्वरांनी आपलं परतीचं तिकीट शुक्रवारचं काढलं होतं. लग्नाच्या पंगतीत बेळगाव कोणाचं यावरून दोघा व्याह्यांची जुंपली आणि हे भरल्या पानावरून उठले. त्याला सात वर्षं झाली. तिकीट पाहून सुनेचा चेहरा पडला. नात आन्या रोज विचारायची, "आजोबा, व्हाय कान्ट यू स्टे?"

दुसऱ्या कपाला आवाज चढले. तेस्फायेचे डोळे भरून आले. आता हा उठणार, असं मोरेश्वरांना वाटलं. पण तो उठेना. गेब्रेच्या बायकोने कॉफीचं भांडं पुन्हा शेगडीवर चढवलं.

"एवढं होऊनही हा गेला कसा नाही?" मोरेश्वरांनी तिला हळूच विचारलं.

"तिसरा कप राहिलाय ना! तो आशीर्वादाचा. त्याच्याआधी आमच्यात कोणी उठत नाही. भांडायचं तेवढं भांडा, पण बसून."

मोरेश्वरांनी तिसरा कप निमूटपणे संपवला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

घरी सून भाजी चिरत होती.

"सुचित्रा, माझं तिकीट कॅन्सल कर."

तिची सुरी थांबली. "पण बाबा, शनिवारी अप्पा येतायत."

"म्हणूनच तर. त्यांच्या पंगतीतलं माझं जेवण राहिलंय अजून. अप्पांना म्हणावं, बेळगावचा विषय काढा खुशाल. पण ताकभात होईपर्यंत कोणी उठायचं नाही."