गाडी उठेस्तोवर

कापसाचा भाव कोसळला, घरच्या जिनिंग कारखान्याला कुलूप पडलं आणि शीलावहिनींचे यजमान नागपुरात नोकरीला लागले. महिन्यातून एका रात्रीपुरते यवतमाळला यायचे, सकाळीच निघायचे. जिनिंगच्या दिवसांतली भारी गाडी स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली. रात्रीतून मागून खाली बसायची आणि इंजिन सुरू केल्यावर हळूहळू उठायची. आज वैतागून यजमानांनी बादल मिस्त्रीला बोलावलं. बादलनं हवेच्या नळीवर साबणाचं पाणी शिंपडलं. जोडापाशी बुडबुडे आले. “सापडलं, वहिनी! एवढं आवळतो, मंग चाबी फिरवली का निघाले साहेब.” पायरीवर चहाचे दोन कप ठेवताना त्या थबकल्या. “गाडी उठेस्तोवर हे माझ्यापाशी बसतात, भाऊ. तेवढंच.” सापडलेली गळती बादलनं आजवर सोडली नव्हती. साहेब बॅग घेऊन बाहेर आले. “काय निघालं?” फडक्यानं फेस पुसत बादल म्हणाला, “जुनी गाडी हाय, साहेब. थोडं थांबत जा.”