गुरुवारचं शून्य

छतावरच्या सोलरची वीज कुठल्या खोलीला किती द्यायची, हे घरातली यंत्रणाच ठरवायची. प्रत्येकाची चाल, सवयी, खोकला तिला पाठ होता. आठवड्याचा तक्ता ती आधीच लावून मोकळी व्हायची. या आठवड्यात वृंदाच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या खोलीपुढे गुरुवारपासून शून्य होतं.

"इन्व्हर्टर बिघडलाय का हो?" वृंदाने दुरुस्तीवाल्याला विचारलं.

"ठणठणीत आहे, ताई." तो जरा घुटमळला. "समोरच्या भिडे आजी गेल्या, त्याच्या आधीही त्यांच्या खोलीपुढे असंच आलं होतं."

वृंदा हट्टाला पेटली. बुधवारी सकाळपासून तिने आप्पांचा गिझर, पंखा, रेडिओ सगळं चालू ठेवलं. त्यांच्या चपला घालून, त्यांच्यासारखे पाय ओढत ती खोलीभर फिरत राहिली.

"अगं, काय चाललंय तुझं?" आप्पा पेपराआडून हसले.

दिवेलागणीला तक्ता बदलला. आप्पांच्या खोलीपुढे नेहमीचे तीन युनिट परत आले. वृंदाला रडूच फुटलं.

डोळे पुसताना तिची नजर खालच्या ओळीवर गेली. स्वयंपाकघरात तिच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे.

तिथे गुरुवारपासून शून्य होतं.