लाईट गेली तेव्हा

शेजारच्या निकेशच्या सात वर्षांच्या रक्षानं खेळता खेळता कुसुमबाईंच्या नातीचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. कुसुमबाई तडक जाऊन रक्षाच्या आईपुढं उभ्या राहिल्या.

"रुचिका, रोज संध्याकाळी तुमचा टीव्ही भिंतीतून ऐकू येते मले. निस्ते मारधाडीचे पिक्चर. पोरगी तेच शिकून राह्यली. बंद ठेव तो."

"आवाज मी नाई वाढवत, काकू," रुचिका खाली मान घालून म्हणाली. "हे वाढवतात."

"मंग निकेशले सांग. तोंड नाई का तुले?"

रुचिकानं पदर गालावर ओढून घेतला.

संध्याकाळी कुसुमबाई उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसल्या, तर पलीकडं पिक्चर सुरूच. बंदुका धडाडत होत्या, कोणी बाई कळवळून रडत होती. एवढं सांगूनही फरक नाही म्हणून त्यांचा पारा चढला. तेवढ्यात अख्ख्या रोहणा गावाची लाईट गेली.

डोक्यावरचा पंखा बंद पडला. पलीकडच्या बंदुका थांबल्या.

बाई मात्र रडतच होती.