लिंबूटिंबू

डबिंगच्या खोलीत काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "बाई, अजून एकदा कण्हा."

बाई कण्हल्या. पडद्यावरची डोंगर उचलणारी नायिका पहिल्याच मारामारीत बेशुद्ध पडली. बाईंनी आवाज दिलेला हा तिचा चौथा सिनेमा, आणि चौथ्यांदा हेच.

"सगळ्यांत ताकदवान हीच ना? मग दर वेळी हिलाच आधी का आडवं करतात?"

तो हसला. "ही उभी राहिली तर सिनेमा दहा मिनिटांत संपेल. मग लिंबूटिंबूंनी जग कधी वाचवायचं?"

बाईंनी हेडफोन काढून ठेवला.

"म्हणून स्टुडिओच्या मालकांनी डबिंग-दिग्दर्शकाची खुर्ची मला सोडून तुला दिली होय? माईकसमोर श्वास कुठे घ्यायचा, तेसुद्धा मीच शिकवलंय तुला."

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"उरलेलं कण्हणं तूच उरक. मी आलेय शुद्धीवर."