बुजगावण्याचा सदरा

कपाशीवर फवारताना विष भिनून नंदाबाईचा लेक गेला. त्याचा सदरा तिने ज्वारीतल्या बुजगावण्याला घातला आणि तेव्हापासून न्याहारी ती त्याच्याशेजारीच करू लागली. यंदा तिथं हरभरा होता. विषाला शिवायचं नाही असं ठरवून सुनेने, अळ्या टिपायला पाखरं यावीत म्हणून, काठ्यांचे थांबे रोवले. पण एकही पाखरू उतरेना. “आत्याबाई, पाखरं ह्यांनाच भिऊन राह्यलीत. सदरा काढा.” “लेकराला उघडं करू?” “मंग विष आणू? ह्यांचा पंप हायेच घरात.” नंदाबाईने एकेक गुंडी सोडली. सदऱ्याला अजून विषाचा तोच उग्र वास होता. मडक्याचं डोकं उतरवलं. नुसता काठ्यांचा सांगाडा उरला. दोघी बांधावर जाऊन थांबल्या. जिथं पंपाचा पट्टा लेकाच्या खांद्यात रुतायचा, तिथंच, सांगाड्याच्या आडव्या काठीवर, काळा कोतवाल पक्षी येऊन बसला. “बस, बाबा,” आई पुटपुटली. “पंपापेक्षा तू हलका हायेस.”