वडाखालची देवी

सयाजीला आज देवीची मूर्ती लाथेनं पाडायची होती. सिनेमातला खलनायक तो, आणि आयुष्यातलं पहिलंच मोठं काम. काल स्टुडिओत तालमीच्या वेळी याच प्लॅस्टरच्या मूर्तीवर त्यानं बिनदिक्कत पाय ठेवला होता. आज मात्र ती कळंब्याच्या तळ्याकाठी वडाखाली मांडलेली, आणि कॅमेरा लागेपर्यंत गावातल्या बायका तिला हळदकुंकू लावून, ओटी भरून गेलेल्या. आता त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

ऊन उतरायला लागलं तसे दिग्दर्शक तात्या भडकले. "सयाजी, प्लॅस्टर आहे रे ते."

"काल हुतं की, तात्या. आज पाय उचलंना झालाय."

"मग उद्यापासून येऊ नकोस. देवबिव काही नाही त्यात. हो बाजूला, लाथ कशी मारतात ते मीच दाखवतो."

सयाजी बाजूला झाला. बांधावरच्या एका बाईनं वाकून दगड उचलला. तात्या तरातरा मूर्तीपुढं गेले, थांबले, आणि लाथ मारायच्या आधी त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.